धम्माची पुस्तकं, प्रवचनं नेटवर मोफत टाकायची तर कशी टाकावीत?

वाटसरू_भंडारा

सर्वांना जयभीम, नमो बुद्धाय.

आमच्या विहारात दरवर्षी आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं. लॉकडाऊनमध्ये ते गूगल मीटवर घ्यावं लागलं, तेव्हापासून पोरांना रेकॉर्डिंगची सवय लागली ती लागलीच. त्यामुळे मंडळाकडे आता बरंच साठलंय, ग्रंथवाचनाचं ऑडिओ, भन्तेजींची प्रवचनं, पाली वर्गाच्या नोट्स, शिवाय दोन पिढ्यांपूर्वीच्या पुस्तिका ज्या आता कुठेच मिळत नाहीत.

पोरांचं म्हणणं, सगळं यूट्यूब आणि टेलिग्रामवर टाकून द्या, विषय संपला. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, हक्क कुणाचे, मध्येच गुटख्याची जाहिरात आली तर काय, कुणी चार वाक्यं कापून भलतीकडे चिकटवली तर काय. माझं मत स्पष्ट आहे, धम्म फुकटच मिळाला पाहिजे. बुद्धानं शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितलंच आहे की तथागताने मुठीत झाकून ठेवलेलं असं काहीच नाही. मग आपण कपाटात कुलूप लावून कशासाठी ठेवायचं?

पण नीट करायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

निळी_पहाट

+१. सब्बदानं धम्मदानं जिनाति, धम्माचं दान सगळ्या दानांवर मात करतं. धम्मपद, गाथा ३५४. टाका बिनधास्त.

नागसेनवनातला

विचारायची गोष्ट आहे का ही? टाका. आमच्या मराठवाड्यात अजून अशी गावं आहेत की विहार आहे, बुद्धमूर्ती आहे, पण वाचायला चार पुस्तकंपण नाहीत. मोबाईल मात्र प्रत्येकाच्या खिशात.

स्टॉलवाला_दादर

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका.

आमचं घरचंच छोटं प्रकाशन आहे, वडिलांनी सुरू केलेलं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला आम्ही स्टॉल लावतो. वर्षभराचं अर्धं गणित या दोन ठिकाणी जुळतं. लोक रात्रभर रेल्वेच्या जनरल डब्यातून येतात आणि परत जाताना कपड्यालत्त्याआधी पुस्तकं घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. बाई पदराच्या गाठीतून नोटा काढते, दोनदा मोजते आणि पोराला विचारते, यातलं तुला कुठलं पाहिजे. महाराष्ट्रातली आपली सगळी वाचनसंस्कृती अशा नोटांवर उभी राहिली आहे. कुठल्या मोठ्या प्रकाशकाने आमची पुस्तकं छापली नव्हती हो तेव्हा.

आता काय होतं, पुस्तक स्टॉलवर आलं की आठ दिवसांत कुणीतरी मोबाईलने पानापानाचे फोटो काढून पीडीएफ फिरवतो, खाली लिहितो 'धम्मदान'. लेखकाने तीन वर्षं गावोगाव फिरून माहिती गोळा केलेली असते. त्याला विचारायचं नाही आणि दान मात्र आपल्या नावावर. दुसऱ्याच्या घरातलं भांडं उचलून विहाराला दिलं तर त्याला दान म्हणतात का? पंचशीलातलं दुसरं शील रोज म्हणतोच की आपण, अदिन्नादाना वेरमणी, न दिलेलं घ्यायचं नाही.

मोफतला माझा विरोध नाही. पण न विचारता केलेलं मोफत मला मान्य नाही.

निळी_पहाट

@स्टॉलवाला दादा, हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पटला.

नागसेनवनातला

मला अर्धाच पटला. नव्या लेखकाचं पुस्तक न विचारता फिरवू नये, मान्य. पण बाबासाहेबांचं लिखाण ही कुणाची खासगी मालमत्ता आहे का? सरकारने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढले, ती मोठीच गोष्ट झाली. पण वर्षानुवर्षं खंड मागायला गेलं की 'शिल्लक नाही' हेच उत्तर. छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती, विसरलात काय? लोकांनी तेव्हा पीडीएफवरच तहान भागवली ना.

कलम_बावन्न

कायद्याचं बघतो म्हणून थोडं लिहितो, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी बऱ्याच अफवा आहेत.

भारतात लेखक गेल्यानंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लिखाण १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालं. 'द बुद्ध अँड हिज धम्म' मात्र त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये छापलं गेलं, आणि मरणोत्तर प्रकाशित पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे ते मुक्त झालं १ जानेवारी २०१८ ला. हे मूळ इंग्रजीबद्दल.

आता इथे बहुतेक जण गल्लत करतात. तुमच्या विहारात वाचला जातो तो मराठी अनुवाद. अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि अनुवादक गेल्यापासून त्याची वेगळी ६० वर्षं. सरकारी खंडांतल्या संपादकीय टिपा, प्रस्तावना, सूची यांचाही हक्क वेगळा. त्यामुळे वाचनाचं संपूर्ण ऑडिओ जाहीर टाकण्याआधी प्रकाशकाला एक पत्र लिहा. माझा अनुभव असा आहे की विहाराच्या लेटरहेडवर नीट पत्र गेलं की बहुतेक जण हो म्हणतात, लोक विचारतच नाहीत हा खरा प्रश्न आहे.

भन्तेजींच्या प्रवचनाचा हक्क भन्तेजींचा. त्यांच्याकडूनही दोन ओळी लिहून घ्या, तोंडी होकारावर राहू नका. पुढे कमिटी बदलते, माणसं बदलतात.

मांडवीकाठची

मस्त चर्चा. गोव्यातून लिहितेय म्हणून आमच्या माणसाची आठवण करून देते. धर्मानंद कोसंबी! साखवाळचे. १८७६ चा जन्म, १९४७ मध्ये सेवाग्रामला गेले. म्हणजे कलम_बावन्न यांच्या हिशोबाने २००८ पासूनच त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं लिखाण मुक्त, बरोबर ना?

या माणसाने बुद्धाच्या शोधात घर सोडलं, नेपाळला गेला, सिलोनला जाऊन भिक्खू झाला, ब्रह्मदेशात राहिला, पाली शिकून परत आला आणि हे सगळं मराठीत साध्या माणसाला कळेल असं लिहिलं. पुढे हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं ते वेगळंच. आपल्या भाषेत इतकं सुरेख लिहिलेलं आहे, हक्काची काही भानगड नाही, आणि तरी नेटवर 'बुद्ध मराठी' शोधलं की वर काय येतं, तर सूर्यास्ताच्या फोटोवर चिकटवलेले सुविचार जे बुद्धाने कधी म्हटलेलेच नाहीत. जीव तुटतो अगदी.

वाटसरू, तुमच्या पोरांना सांगा, आधी हे घ्या.

कलम_बावन्न

@मांडवीकाठची, हो, अगदी बरोबर. १ जानेवारी २००८ पासून. फक्त नव्या आवृत्तीचा स्कॅन घेतला तर तिच्यातली नवी प्रस्तावना, नव्या टिपा, मुखपृष्ठ वगळा.

स्टॉलवाला_दादर

कोसंबींबद्दल एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलकत्त्याची विद्यापीठातली नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले ते सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले म्हणून. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. म्हणजे आज तुम्हाला जे मोफत वाचायला मिळतंय त्याचे पैसे कुणीतरी तेव्हा मोजले होते. मोफत धम्मामागे असा कुणीतरी उभा असतोच, तो दिसत नाही एवढंच.

पालीची_विद्यार्थिनी

सुविचारांचा विषय निघालाच आहे तर बोलते, कारण माझं रोजचं डोकं याच्यातच जातं.

आमच्या फॅमिली ग्रुपवर काका रोज सकाळी 'भगवान बुद्ध म्हणतात' म्हणून एक पाठवतात. मी एकदा नम्रपणे विचारलं, काका हे कुठल्या सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या कुठल्या उपदेशात आहे? तर म्हणाले, 'बेटा, चांगलंच आहे ना.' चांगलं आहे म्हणून बुद्धाचं होत नाही हो. दीघनिकाय या सुत्तसंग्रहातल्या महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाने भोगनगरला याच्यावरच उपाय सांगून ठेवलाय. कुणी म्हणालं की मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकलं, किंवा अमुक संघाकडून, जाणत्या थेरांकडून (ज्येष्ठ भिक्खूंकडून), एखाद्या विद्वान थेराकडून ऐकलं, तरी लगेच मान्य करू नका आणि लगेच झिडकारूही नका. सुत्ताशी आणि विनयाशी (भिक्खूंच्या नियमांशी) ताडून बघा, जुळलं तर घ्या, नाही जुळलं तर सोडा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आज फॉरवर्डला जसाच्या तसा लागू होतो.

कालाम सुत्ताचंही तेच. 'पटलं तरच माना' एवढंच वाक्य फिरतं. पुढचं कुणी देत नाही, की लोभ, द्वेष, मोह वाढवणारं काय आणि हिताचं काय ते स्वतः अनुभवून बघा, आणि जाणते लोक कशाला दोष देतात कशाची स्तुती करतात तेही बघा. अर्धं दिलं की 'माझ्या मनाला येईल तो धम्म' असा अर्थ होऊन बसतो.

म्हणून वाटसरू दादा, माझी एकच विनंती. जे टाकाल त्याच्या खाली ठिकाण लिहा. निकाय, सुत्ताचं नाव, क्रमांक, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथातलं असेल तर खंड, भाग, परिच्छेद. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी परिच्छेदांना क्रमांक दिलेलेच आहेत, ते वापरा. पान नंबर देऊ नका, आवृत्तीगणिक बदलतात.

अमरावतीचा_बंड्या

आमच्या इकडे तर २२ प्रतिज्ञापण लोकं चुकीच्या पाठवून राहिले. एकात २१ च होत्या, एकात दोन प्रतिज्ञांची खिचडी करून टाकली होती. अन् खाली 'शेअर करा नाहीतर तुम्ही भीमसैनिक नाही'. दीक्षाभूमीवर स्तंभावर कोरून ठेवल्या आहेत ना बाप्पा, फोटो काढा अन् ताडून पाहा!

निळी_पहाट

'खिचडी' 😂 पण खरंय.

ऐकतो_मी

नमस्कार. मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. आतापर्यंतची सगळी चर्चा मोफत की नाही यावर चाललीय, मला वेगळं सांगायचंय.

मोफत मिळालेल्या धम्माच्या पीडीएफपैकी बहुतेक माझ्यासाठी कोऱ्या असतात. कारण त्यात अक्षरं नसतात, पानांचे फोटो असतात. रीडर म्हणतो 'पान १', मग 'पान २', मधे काही नाही. काहींमध्ये अक्षरं असतात पण जुन्या फॉन्टमधली, श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव वगैरे. डोळ्यांनी बघणाऱ्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता असतो आणि मला तोच ऐकू येतो. 'अत्त दीप भव' असं लिहिलेलं असेल तिथे मला डॉलर, कंस, टक्के असलं काहीतरी ऐकू येतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाइप करतो त्या अक्षरांत टाका. कृपा करून. युनिकोड असेल तर मी वाचू शकतो, माझ्या आईला अक्षर मोठं करून वाचता येतं, कुणालाही शब्द शोधता येतो, पालीची_विद्यार्थिनी म्हणतात तसं ताडूनही बघता येतं. फोटोच्या पीडीएफमध्ये यातलं काहीच होत नाही.

कलम_बावन्न यांना विचारायचंय, अंधांसाठी पुस्तक वाचनयोग्य करायला कायद्यात सूट आहे ना?

कलम_बावन्न

आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती सूट आली. दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न घेता, वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं. त्यानंतर मराकेश करार आला, २०१४ मध्ये तो मंजूर करणारा भारत पहिला देश. फक्त ती प्रत ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंतच राहील याची काळजी घ्यायची, सगळ्यांसाठी खुली लिंक करायची नाही. मुक्त झालेल्या पुस्तकांना हे बंधनही नाही.

वाटसरू_भंडारा

@ऐकतो_मी, खूप खूप आभार. आम्ही सगळे स्कॅन करून अपलोड करायच्या तयारीत होतो. हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं. आजच्या मीटिंगमध्ये तुमचा प्रतिसाद वाचून दाखवतो.

साधक_नाशिक

इगतपुरीच्या जवळचाच, म्हणून तिथली पद्धत सांगतो. धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या ध्यानशिबिराची फी नाही, जेवणाराहण्याचेही पैसे नाहीत. दान घेतात ते फक्त ज्याने निदान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडून, म्हणजे तुमचा खर्च आधीच्या कुणीतरी उचललेला असतो आणि तुम्ही पुढच्याचा उचलता. तिथल्याच संशोधन संस्थेने सहाव्या संगीतीचं, म्हणजे १९५४ ते ५६ ला रंगूनला झालेल्या भिक्खूंच्या धम्मसभेत तपासलेलं अख्खं पाली त्रिपिटक अट्ठकथांसकट (जुन्या टीकांसकट) आधी सीडीवर आणि मग नेटवर मोफत ठेवलं. देवनागरीत वाचता येतं, पाहिजे तर सिंहली, बर्मी, थाई लिपीत बदलून घेता येतं. पाली शिकणाऱ्या मराठी पोराला याहून मोठं दान कुठलं?

पण एक सांगतो. ग्रंथ, प्रवचनं टाका, ध्यान मात्र व्हिडिओवरून शिकवायला जाऊ नका. दहा दिवसांत माणसाच्या मनातलं काय काय वर येतं, तेव्हा समोर आचार्य लागतो. थोडं आनापान (श्वासावरचं ध्यान) शिकवलं तर हरकत नाही, पुढचं शिबिरातच.

नागसेनवनातला

साधक दादा, त्रिपिटकाच्या कामाबद्दल आदर आहेच. पण मला धास्ती वेगळी वाटते. नेटवर बुद्ध म्हटलं की डोळे मिटलेला माणूस, मागे बासरी, स्ट्रेस कमी करा, झोप चांगली लागेल. बाबासाहेबांनी ५६ साली लाखो लोकांना धम्म दिला तो झोप लागावी म्हणून नाही दिला. जात मोडायला दिला, माणूस म्हणून उभं राहायला दिला. डिजिटलवर जे मोफत आणि भरपूर मिळतं तेच उद्या खरं वाटायला लागतं. म्हणून वाटसरूंनी विहारातली ग्रंथवाचनं टाकावीत, त्यावरची चर्चा टाकावी, गावातली माणसं प्रश्न विचारतात ते सुद्धा कापू नयेत.

साधक_नाशिक

यात भांडण कुठे आहे? मन स्वच्छ नसलेला माणूस समाज कसा बदलणार.

नागसेनवनातला

आणि समाज अंगावर येत असताना माणसाने मन स्वच्छ कसं ठेवायचं, हाही प्रश्न आहे. असो, याच्यावर वेगळा धागा काढू, इथे वाटसरूंचं काम अडायला नको.

आजीचा_नातू

मी फक्त आमच्या घरचं सांगतो. आजीला लिहितावाचता येत नाही. तिच्याकडे साधा कीपॅडचा फोन आहे, मेमरी कार्डवाला. मी त्यात धम्मपदाच्या गाथा, वामनदादा कर्डकांची गाणी आणि एका भन्तेंची प्रवचनं भरून दिलीत. पहाटे पाचला चूल पेटवताना ती फोन कोनाड्यात ठेवते, आवाज घुमतो म्हणून, आणि भाकरी थापता थापता गाथा म्हणते. तिला आता वग्गच्या वग्ग (प्रकरणंच्या प्रकरणं) पाठ आहेत. गल्लीतल्या बायका येतात, 'म्हातारे, कालचं ते परत लाव' म्हणतात, ती बरोबर तेच लावते, बटण किती वेळा दाबायचं ते तिला पाठ आहे.

म्हणून यूट्यूबची लिंक देऊन मोकळे होऊ नका. डाउनलोड होणारी एमपी३ फाईल ठेवा, लहान ठेवा. बोलण्याचं रेकॉर्डिंग ६४ केबीपीएस मोनोमध्ये केलं तर तासाभराची फाईल साधारण २९ एमबी होते, आणि ऐकायला स्वच्छ असते. एक प्रकरण एक फाईल, आणि सुरुवातीलाच तोंडाने सांगा की हे कुठलं प्रकरण आहे, कारण आजीला फाईलचं नाव वाचता येत नाही.

पालीची_विद्यार्थिनी

आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. त्रिपिटक सिंहलद्वीपात पहिल्यांदा लिहून काढेपर्यंत शतकानुशतकं असंच पाठ करून जपलं होतं. तुमच्या आजी त्या परंपरेतल्या आहेत.

ढगातला_माणूस

आयटीवाला आहे, थोडी भर.

यूट्यूबच्या जाहिरातींबद्दल. 'आम्ही मॉनेटायझेशन बंद ठेवलंय म्हणजे जाहिरात येणार नाही' हा गैरसमज आहे. २०२० च्या शेवटी त्यांनी नियम बदलला, त्यानंतर तुम्ही पैसे घेत नसलात तरी ते तुमच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवू शकतात. म्हणून यूट्यूब फक्त लोकांना सापडण्यासाठी वापरा, मूळ साठा आर्काइव्ह डॉट ऑर्गवर ठेवा. तिथे जाहिरात नाही, ऑडिओ, पीडीएफ दोन्ही चालतं, डाउनलोड करता येतं. शिवाय दोन हार्डडिस्क, वेगवेगळ्या घरात. चॅनेल हॅक होतात, बंद पडतात.

मुक्त झालेल्या मराठी पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे. एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर, लोक पान पान तपासतात. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणं, आता मराठीचं बऱ्यापैकी होतं, पण पाली शब्दांना अडखळतं, जोडाक्षरं आणि रफार खातं, 'सम्मा'चं 'समा' करतं. माणसाच्या नजरेखालून गेलंच पाहिजे.

लायसन्स स्पष्ट लिहा. भिक्खू सुजातो यांनी चार निकायांचे इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये सुत्तसेंट्रलवर टाकले ते सीसी-झिरो करून, म्हणजे कुणीही घ्या, छापा, विका, बदला, नाव देण्याची सक्तीसुद्धा नाही. मराठीत कुणीतरी असं करायला हवं.

निळी_पहाट

विका सुद्धा?? मग स्टॉलवाले दादा काय म्हणतील 😊

स्टॉलवाला_दादर

स्टॉलवाला म्हणेल, उत्तम! सीसी-झिरो मराठी धम्मपद मिळालं तर मी उद्या छापतो, कागदछपाईचा खर्च निघेल एवढ्या किमतीत विकतो. ज्याला मोबाईलवर वाचायचंय तो मोबाईलवर वाचेल, ज्याला घरात उशाशी पाहिजे तो घेईल. लेखकाने स्वतःच्या राजीने दिलं असेल तर माझं काहीच म्हणणं नाही, माझं भांडण फक्त न विचारण्याशी होतं.

मात्र तैवानच्या एका संस्थेने छापलेलं भदन्त आनंद कौसल्यायनांच्या हिंदी अनुवादाचं पुस्तक, ज्यावर 'मोफत वाटपासाठी' छापलेलं असतं, ते काही जण स्टॉलवर पैसे घेऊन विकतात तेव्हा मला लाज वाटते. देणाऱ्याने मोफत दिलं तर पुढच्याला मोफतच द्या.

पालीची_विद्यार्थिनी

मोफत वाटपावरून सांगते. तारीख छापलेलं जगातलं सगळ्यात जुनं पुस्तक जे आज शिल्लक आहे ते बौद्ध सूत्र आहे, चीनमध्ये तुनहुआंगच्या गुहेत सापडलेलं वज्रच्छेदिका, इ.स. ८६८ मधलं. त्याच्या शेवटी छापलंय की एका माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे सर्वांना मोफत वाटण्यासाठी हे करवून घेतलं. म्हणजे नवं तंत्र हाती आलं की बौद्धांनी आधी धम्म वाटायला घेतलाय. आपल्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले, तेही व्यापाऱ्यांची वर्दळ असलेल्या बंदराच्या गावातच, कुणी गुपचूप तिजोरीत ठेवले नव्हते.

अमरावतीचा_बंड्या

आमच्या मंडळाचं एक दुखणं सांगतो. बुद्ध जयंतीचं लाइव्ह केलं, मागे त्रिशरण पंचशीलाची जुनी कॅसेटवाली रेकॉर्डिंग लावली, तर एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला अन् आवाजच बंद! अडीच हजार वर्षांच्या गाथेवर क्लेम कसा काय येते?

कलम_बावन्न

क्लेम गाथेवर नव्हता, त्या रेकॉर्डिंगवर होता. गाथा सगळ्यांची, पण गायलेलं, वाजवलेलं ध्वनिमुद्रण ज्याने केलं त्याचं, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. उपाय सोपा आहे, मंडळातल्या बायामाणसांनी एकत्र बसून स्वतः म्हणा आणि तेच लावा.

अमरावतीचा_बंड्या

हे जमते. आमच्या आत्याचा आवाज लय गोड आहे.

ढगातला_माणूस

किंवा एआयचा आवाज वापरा. आता मराठी बरं बोलतो, दिवसात अख्खं पुस्तक वाचून होईल.

पालीची_विद्यार्थिनी

नको! पालीचे उच्चार पार वाट लावतो. आणि त्याहून गंभीर म्हणजे बाबासाहेबांच्या नकली आवाजात भाषणं यायला लागलीत. त्यांच्या खऱ्या आवाजाची रेकॉर्डिंगं मोजकीच उरलीत, त्यात ही भेसळ झाली तर पुढच्या पिढीला खरा आवाज ओळखू येणार नाही. यावर मी अजिबात तडजोड करणार नाही.

ऐकतो_मी

मधला मार्ग सुचवू? मी रोज यंत्राचाच आवाज ऐकतो, माहितीसाठी तो चालतो. पण तो माझ्या फोनमध्ये आहेच, मला फक्त युनिकोड मजकूर द्या. तुम्ही वेळ द्यायचा असेल तर माणसाच्या आवाजाला द्या. आणि यंत्राचा आवाज वापरलाच तर सुरुवातीला तसं सांगा, थोर माणसाचा आवाज कधीच करू नका.

ढगातला_माणूस

मान्य. शब्द मागे घेतो.

मांडवीकाठची

वाखुसा (वाचनखूण साठवली). ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि पाली दोघींना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. या दोघींना जोडणारं काम म्हणजे हेच.

वाटसरू_भंडारा

मीटिंग झाली. तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, ऐकतो_मी यांच्या प्रतिसादानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. ठरलं ते असं. नव्या लेखकांचं काहीही न विचारता टाकायचं नाही. ग्रंथवाचनाच्या ऑडिओसाठी प्रकाशकाला पत्र उद्या जाईल, उत्तर येईपर्यंत ते थांबेल. भन्तेजींनी लेखी परवानगी लगेच दिली, वर म्हणाले माझा फोटो लावू नका, विषयाचं नाव लावा. वंदना आमच्या बायकाच रेकॉर्ड करतील. आणि पहिलं युनिकोडचं काम कोसंबींचं, जुनी आवृत्ती आमच्या एका गुरुजींकडे आहे.

नागसेनवन दादा, चर्चेतले प्रश्न कापायचे नाहीत हेही मान्य झालं. पोरी म्हणाल्या आमचेच प्रश्न जास्त असतात, ते राहिलेच पाहिजेत.

अडचण एकच, मुद्रितशोधनाला माणसं कमी आहेत.

पालीची_विद्यार्थिनी

पाली उताऱ्यांची सगळी पानं माझ्याकडे पाठवा.

स्टॉलवाला_दादर

आमच्याकडे वडिलांच्या काळातल्या काही पुस्तिकांच्या श्रीलिपीतल्या फाईली आहेत, लेखक हयात आहेत, त्यांना विचारून देतो. आमचे मुद्रितशोधक काका निवृत्त झालेत पण चष्मा लावून अजून रोज पेपरातल्या चुका काढतात, त्यांना कामाला लावतो.

नागसेनवनातला

मी पहिली वीस पानं घेतो. कॉलेजच्या पोरांनाही सांगतो.

ऐकतो_मी

तयार झालेलं प्रत्येक प्रकरण आधी मला पाठवा, स्क्रीन रीडरवर तपासून देतो. शीर्षकं ठळक अक्षरात नुसती मोठी करू नका, हेडिंग म्हणून मार्क करा, नाहीतर मला प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येत नाही.

वाटसरू_भंडारा

हेडिंग मार्क करणं म्हणजे नेमकं कुठे करायचं? आमच्याकडे वर्ड आहे, जुनं.

ढगातला_माणूस

वर होम टॅबमध्ये स्टाइल्स दिसेल, त्यात हेडिंग १. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, स्क्रीनशॉटसकट.